भावोजींना देवी आल्या

मी माशांचा डॉक्टर होतो असं सांगितलं की इकडची माणसं हसतात. कलकत्त्यात कुणी हसत नसे. तिथे मासा हा विषय हसण्यावारी न्यायचा नव्हेच. बागबाजारातल्या एका घरात मी काचेच्या टाकीतल्या आजारी एंजल माशाकडे भिंग लावून बघत होतो, आणि दहा पावलांवर घरची गृहिणी विळीवर रोहूचं भलंथोरलं मुंडकं फोडत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "वाचेल ना हो, डाक्तारबाबू?" असं तिनं विचारलं, तेव्हा ती दोघांपैकी कोणाबद्दल विचारतेय हे कळायला मला क्षणभर वेळ लागला.

डॉक्टर मी कसला डोंबलाचा! प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, तेही दुसऱ्या खेपेला. वडील तरुणपणी शाळामास्तर म्हणून कलकत्त्याला गेले ते तिथलेच झाले. माझा जन्म हातीबागानचा. तिथे दर रविवारी पोपट, कबुतरं, कुत्र्याची पिल्लं आणि मडक्यांतले रंगीत मासे यांचा बाजार भरायचा. त्याच बाजारालगतच्या एका गल्लीत मी माशांचं छोटं दुकान टाकलं. लोखंडी चौकटीत काचा बसवायच्या, पाणी गळू नये म्हणून कडांना पुटिंग लावायचं, खाली वाळू, वर दिवा, कोपऱ्यात हवा सोडणारा भुर्र भुर्र वाजणारा पंप. मासे विकणं सोपं होतं. विकलेला मासा चार दिवसांत उताणा झाला की गिऱ्हाईक मडकं घेऊन दारात हजर व्हायचं, ते अवघड होतं. शेवटी स्वसंरक्षणासाठी मी घरी जाऊन मासे तपासायला लागलो. पिशवीत खडेमीठ, तापमापक, निळं औषध, रबरी नळी आणि भिंग. एवढ्या भांडवलावर माणसांनी मला डॉक्टर केलं, आणि मीही फार विरोध केला नाही.

या धंद्यात पहिल्या दोन वर्षांत एक गोष्ट कळते. घरातला मासा रोगानं क्वचित मरतो. तो मायेनं मरतो. त्यातही पोटभेद आहेत. बंगाली माणूस माशाला खाऊ घालून मारतो आणि मराठी माणूस धुऊन मारतो. बागबाजारचे एक निवृत्त वकील आपल्या माशांना रोज संध्याकाळी संदेश नावाची मिठाई कुस्करून घालायचे. टाकीतलं पाणी पिठल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, "वकीलसाहेब, मासे गोड खात नाहीत." ते म्हणाले, "हे खातात. कालपासून जरा कमी खातायत, म्हणून तर तुम्हाला बोलावलं." टाकीत तीन मासे होते आणि त्यांतले दोन कालपासून मेलेले होते. उरलेला एकटा किती खाणार?

आपली माणसं वेगळी. बदली होऊन आलेले बँकेतले, सरकारी खात्यांतले मराठी साहेब हौसेनं टाकी घेत. मग शनिवारी वहिनी मासे भगुण्यात काढून ठेवत, टाकी साबणानं घासत, वाळू चाळणीत घेऊन सात पाण्यांतून काढत. टाकी लख्ख, मासे गार. वर आम्हालाच ऐकवायचं, "इतकी स्वच्छता ठेवून असं कसं झालं हो?" अहो, म्हणूनच झालं!

कलकत्त्याच्या पाण्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तिथल्या पुष्कळ घरांत तेव्हा दोन नळ असत. एकाला पिण्याचं गाळलेलं पाणी, दुसऱ्याला धुण्या-फरशीसाठी थेट गंगेचं गढूळ पाणी. दुसऱ्यात अख्खा उत्तर हिंदुस्थान वाहत यायचा, म्हणून ते टाकीत घालायची सोय नव्हती. पहिल्यात ब्लीचिंग पावडर. साथीचे दिवस आले की ती इतकी ओतत की चहालाही वास यायचा. माणसाला चालतं ते, माशाचे कल्ले त्यानं भाजून निघतात. त्यावर उपाय फुकटचा आहे. बादलीत पाणी दोन दिवस उघडं ठेवायचं, ब्लीचिंग आपोआप उडून जातं. माणसाला ताजं पाणी, माशाला शिळं. एवढं एक वाक्य मी वीस वर्षं घरोघर ओरडून सांगितलं. माझ्या धंद्याचं शास्त्र म्हणाल तर एवढंच.

आणखी एक रडगाणं गाऊन घेतो. बदलीवरच्या मराठी घरात गेलं की पहिल्या मिनिटाला प्रश्न यायचा, "तुम्ही मूळचे कुठले?" हातीबागानचा, म्हटलं की समोरचा हसायचा. "तसं नव्हे हो, मूळचे." मूळचं गाव मी पाहिलेलं नाही. आजोबांच्या गावाचं नाव सांगितलं की पुढे तालुका, पोटजात, अमक्या तमक्यांचे तुम्ही कोण, आणि शेवटी "तुमचं मराठी जरा वेगळंच वाटतं, नाही?" ही सगळी उलटतपासणी होईपर्यंत टाकीतला मासा वाट बघत ताटकळलेला. म्हणून मराठी घरांत मी कामापुरतं बोलायचो आणि चहा घेत नसे. बंगाल्यांकडे चहा, सिंगाडे म्हणजे तिथले सामोसे, सगळं चालायचं. मराठी घरात मात्र "हात औषधाचे आहेत" असं सांगून सटकायचो.

तर सबनीसबाई.

सबनीस खिदिरपूरला गोदीशी संबंधित एका सरकारी खात्यात साहेब होते. क्वार्टर तळमजल्यावर. सबनीसांना मी तीन वर्षांत पाचसहा वेळा पाहिलं असेल, तेही पाठमोरं. भला माणूस, पण सकाळी आठला जायचा तो रात्री जेवायला यायचा, आणि आल्यावर वर्तमानपत्राच्या मागे जायचा. त्यांना कुणीतरी नववर्षाची भेट म्हणून एक टाकी आणि एक गोल्डफिश दिला होता. कुणी दिला ते मी विचारलं नाही. साहेबांच्या घरी येणाऱ्या वस्तूंना आईबाप नसतात.

मासा मात्र देखणा होता. नारिंगी, मूठभर आकाराचा, पंख्यासारखी शेपटी. सबनीसबाईंनी त्याचं नाव ठेवलं होतं भावोजी.

"भावोजी का?" मी विचारलं होतं.

"सगळं ऐकून घेतो आणि आईला जाऊन सांगत नाही, असा दीर मला एरवी कुठून मिळणार?"

बाई तिशीच्या. मूलबाळ नव्हतं. बंगाली येत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनीही विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" मी म्हटलं, "हातीबागान," आणि रबरी नळी टाकीत सोडली. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. मी मनात म्हटलं, चला, एक तरी समजूतदार बाई भेटली.

दर मंगळवारी दुपारी मी त्यांच्याकडे जायचो. खरं सांगायचं तर एका गोल्डफिशला दर आठवड्याला डॉक्टर लागत नाही. महिन्यातून एकदा पुरे. पण बाई दर वेळी काहीतरी तक्रार काढायच्या. आज भावोजी कमी फिरले, आज तोंड जास्त उघडतायत, आज माझ्याकडे पाठ करून बसलेत. मी सांगायचो, "वहिनी, मासा रुसत नाही." त्या म्हणायच्या, "तुम्हाला काय माहीत?" मी बाईंना शंकेखोर ठरवून टाकलं. दाराशी पोचलं की बाईंचा भावोजींशी चाललेला संवाद कानावर यायचा. आज घेवडा मिळाला, तो कसा कोवळा होता. ह्यांना आज परत उशीर. गावाकडून पत्र नाही. मी दारात उभा आहे हे कळलं की त्या गप्प व्हायच्या आणि मग विचारायच्या, "चहा टाकू?" मी म्हणायचो, "हात औषधाचे आहेत."

एका फाल्गुनात खरंच दुखणं आलं. भावोजींच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. रवा शिंपडावा तसे, शेपटीवर, कल्ल्यांवर, पाठीवर. मासा वाळूवर अंग घासायला लागला. हा ठिपक्यांचा रोग आमच्या धंद्यात नेहमीचा, पण हयगय केली तर आठवड्यात मासा जातो. ठिपक्यात एक किडा असतो. तो अंगावर असेपर्यंत औषध त्याला काही करू शकत नाही. तो सुटून पाण्यात पोहायला लागला की मग त्याला गाठायचं. म्हणून टाकी थोडी गरम ठेवायची, खडेमीठ घालायचं, निळं औषध टाकायचं आणि धीर धरायचा. हा शेवटचा उपाय बाटलीत मिळत नाही, तीच पंचाईत.

मी हे सगळं बाईंना समजावून सांगितलं. दोन बादल्या पाणी कायम उघडं ठेवून शिळं करायला आणि मग झाकून ठेवायला सांगितलं. वीज गेली आणि पंप थांबला तर काय करायचं तेही सांगितलं. तेव्हा कलकत्त्यात लोडशेडिंगचा असा सुकाळ होता की लोक वीज आली तर दचकायचे. "पेला घ्या, टाकीतलंच पाणी उचला आणि वीतभर उंचीवरून परत टाकीत ओता. हवा मिसळत राहते." बाईंनी मान डोलावली. डोळे लाल होते.

"डॉक्टर, हा जगायला हवा हो," त्या म्हणाल्या. "दिवसभर घरात दुसरा आवाजच नसतो. म्हणजे हा काही बोलत नाही, पण मी तरी बोलते ना."

मी म्हटलं, "औषध वेळेवर घाला." आणि निघालो. एवढं बोललेल्या बाईला मी एवढंच उत्तर दिलं, याची आज लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती. तेव्हा ट्राम पकडायची होती.

चार दिवसांनी, ठरलेला वार नसताना मुद्दाम बघायला गेलो. दार अर्धवट उघडं आणि चौकटीला कडुलिंबाचा डहाळा! आत शिरतो तर वरच्या मजल्यावरच्या माशीमा तिथे बसलेल्या. माशीमा म्हणजे मावशी. साठीच्या, बंगाली, गोल चेहऱ्याच्या. इतक्या महिन्यांत या दोघींना एकमेकींशी बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. बोलणार कशा? एकीचं हिंदी मराठीत बुडवलेलं, दुसरीचं बंगालीत. आणि आज दोघी मांडीला मांडी लावून टाकीसमोर!

टाकीकडे बघितलं आणि माझं मस्तकच फिरलं. पाणी पिवळंधमक. त्यात हळद. वरती कडुलिंबाचा पाला असा दाटला होता की मासा दिसेना. पाला बाजूला सारला तर भावोजी तळाशी आडवे, कल्ले कसेबसे हलतायत.

"हे काय आहे?" मी ओरडलो.

माशीमांनी हात जोडले. "मायेर दया," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

मायेर दया म्हणजे आईची कृपा. बंगाली माणूस देवीच्या रोगाला असं म्हणतो. त्या सुमारास देवीची धास्ती होतीच, लस टोचणारे घरोघर फिरत होते. माशीमांनी अंगावरचे ठिपके बघितले आणि निदान केलं. आमच्या बाईंनी ते मान्य केलं, कारण आपल्याकडेही देवी आल्या की कडुलिंबाचा पाला अंथरतात. भाषा जुळली नव्हती, ती या पाल्यावर जुळली. घरात चार दिवस फोडणी बंद होती, आपल्या रीतीप्रमाणे. आणि वर माशीमांच्या घरात, त्यांच्या रीतीप्रमाणे, मासे शिजवणं बंद! एका माशाला देवी आल्या म्हणून एका बंगाली कुटुंबानं चार दिवस मासे सोडले होते. मुलगा, सून, सगळे डाळभातावर. जगाच्या इतिहासात हे घडलं नसेल, पण मला त्यातलं काही दिसलं नाही. मला माझ्या औषधाचा अपमान दिसला.

मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. अडाणीपणा, खुळचटपणा, शिकल्यासवरलेल्या बायका, असं पुष्कळ झालं. "शेजारणीचं ऐकायचं तर मला कशाला बोलावता? देवीच्या देवळातून पुजारी बोलवा!" माशीमांना मराठी कळत नव्हतं, पण ओरडणं सगळ्या भाषांत कळतं. त्या उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. सबनीसबाई खाली मान घालून ऐकत होत्या.

तशाच रागात मी बाह्या सरसावल्या, नळी लावून टाकीतलं पाणी काढलं, हातानं पाला उपसला. स्नानघरात गेलो, नळ सोडला, बादली भरली, आणून टाकीत ओतली. दुसरी भरली, ओतली. तिसरी. पाला सगळा निघाला नाही, तळाशी वाळूत थोडा गुंतून राहिला. वर निळं औषध टाकलं, पंप चालू केला आणि "आता याला हात लावायचा नाही" असा हुकूम सोडून बाहेर पडलो. बागबाजारला वकिलांकडे जायचं होतं.

ट्राम मैदानातून जात होती. बाहेर छान ऊन होतं. मी अजून मनातल्या मनात भांडत होतो. नाकाला खाज आली म्हणून हात वर नेला.

हाताला ब्लीचिंगचा वास येत होता.

वाचकांना सांगायला नकोच. ताजं पाणी! नळाचं, ताजं, साथीच्या दिवसांतलं पाणी, तेही तीन बादल्या, अर्धमेल्या माशाच्या अंगावर. जो गुन्हा केल्याबद्दल मी वीस घरांतल्या बायकांना रडवलं होतं, तो मी स्वतः, डॉक्टर म्हणवून घेणाऱ्यानं केला होता. आणि कशामुळे? दोन बायकांनी माझं न ऐकता कडुलिंब घातला म्हणून.

उतरून परत जाता आलं असतं. अर्ध्या तासाचा प्रश्न होता. मी उठलोदेखील. मग डोळ्यांपुढे आलं ते असं: दार वाजवायचं, आत जायचं आणि त्या दोघींसमोर सांगायचं की मी चुकलो. एवढं ओरडून गेल्यावर! मी पुन्हा बसलो. मासा तसाही जाणारच होता, अशी स्वतःची समजूत घातली. वकिलांकडे गेलो, चहा प्यायलो, सिंगाडेही खाल्ले. घशाखाली उतरले, हे विशेष.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिदिरपूरला गेलो तो काय बोलायचं ते पाठ करून. दुखणं हाताबाहेर गेलं होतं, पाल्यामुळे उशीर झाला, तरी आपण प्रयत्न केला. थोडक्यात, खून करून मयताला जायची सगळी तयारी होती.

दार माशीमांनी उघडलं. माझ्याकडे न बघता आत बोट दाखवलं. टाकीत भावोजी पोहत होते. फार ऐटीत नव्हे, पण सरळ. सबनीसबाई स्टुलावर बसलेल्या, उजवा हात मांडीवर, मनगटाला फडकं गुंडाळलेलं.

"काय झालं हाताला?"

"काही नाही. पेला उचलून उचलून."

मी बाहेर पडल्यावर दहा मिनिटांत वीज गेली होती. पंप बंद. मी सांगितलेलं बाईंना आठवलं. त्यांनी पेला घेतला आणि ओतायला लागल्या. अर्ध्या तासानं हात भरून आला तेव्हा माशीमांनी पेला घेतला. मग माशीमांची सून. मग पुन्हा बाई. वीज आली साडेसातला. तोवर तिघींनी पाळी चुकू दिली नाही. सबनीस ऑफिसातून आले तर घरात मेणबत्ती आणि तीन बायका एका टाकीभोवती. त्यांनीही म्हणे कोट काढून पेला हातात घेतला.

मला सगळा उलगडा झाला. पाणी असं सतत उचलून ओतलं की ब्लीचिंग झपाट्यानं उडतं. वाळूत राहिलेल्या पाल्यानंही त्यातलं बरंच खाल्लं असणार. म्हणजे मी मरायला सोडलेला मासा त्या तिघींच्या मनगटांनी वाचवला, आणि थोडा त्या कडुलिंबानं. वीज गेली नसती तर "हात लावायचा नाही" हा माझा हुकूम त्यांनी पाळला असता, आणि पंप भुर्र भुर्र करत बसला असता. कलकत्त्याच्या लोडशेडिंगनं कुणाचं भलं केल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.

आता खरं बोलायची वेळ होती. मी भिंग काढलं, ठिपके बघितले, ते उतरायला लागले होते, आणि मी म्हणालो, "औषध लागू पडलंय."

सबनीसबाईंनी माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग म्हणाल्या, "हो. तुमच्या हाताला गुण आहे, डॉक्टर. चहा टाकू?"

"हात औषधाचे आहेत," मी म्हणालो.

दोन आठवड्यांत भावोजी ठणठणीत झाले. चौकटीवरचा डहाळा सुकून गेला. माशीमांच्या घरी मासे सुरू झाले, आणि त्या शीतलादेवीला नारळ वाहून आल्या. सबनीसबाईंनी ओळखीच्या चार मराठी घरांत माझं नाव सांगितलं. "मेलेला मासा उठवला हो डॉक्टरांनी." त्या चार घरांत मी गेलो, मान ताठ ठेवून, आणि शिळ्या पाण्यावर प्रवचन देऊन आलो. मंगळवारच्या फेऱ्या चालूच राहिल्या. मात्र आता दुपारी गेलं की माशीमा बहुतेक तिथेच असायच्या. एकीकडे घेवडा मोडला जायचा, दुसरीकडे खाणाखुणांनी सुनेची गाऱ्हाणी. मला वाटलं, भावोजींची तक्रार आता कमी होईल. झाली नाही. दर मंगळवारी काहीतरी असायचंच.

वर्षभरानं सबनीसांची बदली झाली. ट्रक दाराशी लागला त्या दिवशी बाईंनी निरोप धाडून मला बोलावलं. टाकी माशीमांकडे जाणार होती, ती नीट वर नेऊन लावायची होती. ते काम झालं. मी खाली पिशवी घ्यायला आलो. खोली रिकामी, भिंतीवर टाकीचा चौकोनी डाग. बाई एका पेटाऱ्यावर बसल्या होत्या.

"डॉक्टर, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही नळाखाली बादली धरलीत, तेव्हा स्नानघराच्या कोपऱ्यात दोन बादल्या झाकून ठेवलेल्या होत्या. दिसल्या नाहीत का हो तुम्हाला?"

दोन बादल्या शिळं पाणी. मीच सांगितलेलं. बाईंनी चार दिवस न चुकता भरून ठेवलं होतं, आणि मी त्याच बादल्यांना वळसा घालून नळ सोडला होता.

"तुम्ही बघत होतात?"

"दारातच तर उभी होते. वासही आला ब्लीचिंगचा. तुम्ही गेल्यावर वीज गेली म्हणून बरं झालं, पण नसती गेली तरी मी ओतणारच होते. पाणी बदलायला त्या दोन बादल्या होत्याच, पण माशीमा म्हणाल्या, आता पुन्हा त्याला हलवू नका."

"मग तेव्हाच का नाही बोललात? चांगलं तोंडावर सांगायचंत मला!"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात पुन्हा?"

मी पिशवीतली रबरी नळी पुन्हा गुंडाळायला लागलो.

"नसतात आलात. लाजला असतात आणि दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं असतंत. तो बंगाली असता." बाई हसल्या. "अहो, ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे वर्तमानपत्राशी बोलायचं. मंगळवारी तुम्ही यायचात, पाच वाक्यं बोलायचात, त्यातली चार रागावून. पण मराठीत ना! त्या दिवशी तुम्ही एवढं ओरडलात, माशीमा घाबरल्या. मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. आमचे अण्णा अस्से ओरडायचे. भावोजींना काही होत नव्हतं, महिन्यातून एकदा आलात तरी चाललं असतं, हे मला काय कळत नव्हतं?"

तोवर पंधरा वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो की मासा कशानं मरतो. टाकीबाहेर कोण गुदमरतंय, हे बघायला भिंग लागत नाही, आणि मला ते तीन वर्षांत दिसलं नव्हतं. कसला डॉक्टर!

"चुकलो, वहिनी," मी म्हणालो. वर्षभर उशिरा, पण म्हणालो.

"असू दे हो. चहा घेणार का आज तरी? स्टोव्ह बांधलेला नाही अजून, मुद्दाम."

मी हात पुढे करून दाखवले. कोरडे होते. पेटाऱ्याशेजारी जमिनीवर बसलो. बाहेरून सबनीसांनी "अगं, निघायचं ना?" म्हणून हाक मारली. बाईंनी "आले" म्हणून सांगितलं आणि स्टोव्हला पंप मारायला लागल्या. दोन कप बाहेर ठेवलेले होते. बोलावं असं काही मला सुचेना. इतक्या वर्षांत मराठी घरात बसून बोलायची सवय कुठे होती मला? मग जो प्रश्न मी जन्मभर टाळत आलो, तोच तोंडावर आला.

"वहिनी," मी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

बाईंचा हात थांबला. त्यांनी स्टोव्ह बारीक केला, पदर खोचला, माझ्यासमोर मांडी घालून बसल्या आणि सांगायला लागल्या. गाव, नदी, अण्णांची शाळा, घराच्या मागचं चिंचेचं झाड, सगळं. ट्रकवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, पण त्या उठल्या नाहीत आणि मीही उठलो नाही.